कादोवाकींच्या अंगणातली परकी गाडी

त्या वसंतात कादोवाकी तामोत्सु रोज सकाळी उठून अंगणात यायचे आणि गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहायचे. जागा म्हणजे काय, दोन पांढरे पट्टे आखलेला सिमेंटचा तुकडा. पण त्यावर गाडी नसली की घराचे पुढचे दोन दात पडल्यासारखं दिसत होतं, आणि ते अख्ख्या गल्लीला दिसत होतं, हे त्यांचं खरं दुखणं. मग ते झाडू घ्यायचे आणि मुळात कचरा नसलेली ती जागा झाडायचे. आम्ही शेजारीपाजारी आपापल्या कुंड्यांना जरा जास्तच वेळ पाणी घालायचो.

इसोमात्सु गावात गाडी नसणं हा गुन्हा नाही. परकी, म्हणजे बाहेरच्या कंपनीची, गाडी असणं हाही गुन्हा नाही, पण ती घेऊन फिरणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी स्वतःचा डबा घेऊन जाणं. गाव कंपनीचं. 'कुराहाशी मोटर' असं पूर्ण नाव बाहेरचे लोक घेतात. इथे नुसतं 'कंपनी'. नवरा कंपनीत, दीर कंपनीला बोल्ट पुरवणाऱ्या कारखान्यात, मेहुण्याचं ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांचं, दुकान कंपनीच्या फाटकासमोर. रविवारी सकाळी साऱ्या गल्लीत गाड्या धुतल्या जातात तेव्हा प्रत्येक गाडीच्या नाकावर तीच पंख पसरलेली घार असते, कंपनीचं चिन्ह. गाड्या सगळ्या उलट्या लावलेल्या, नाक रस्त्याकडे. घार दिसलीच पाहिजे.

आणि कारखान्याच्या फाटकाशी तर रिवाजच आहे. घार असेल तर गाडी आत, छपराखाली. नसेल तर नदीपलीकडच्या मैदानात, जिथे पूर्वी कालवांचे शिंपले वाळत टाकायचे. तिथून पूल ओलांडून चालत यायचं, पाऊस असो की ऊन. कोणी रागावत नाही. पहारेकरी कमरेत वाकतो, हसतो आणि पांढऱ्या हातमोज्याने नदीकडे बोट दाखवतो. रागावलेलं परवडलं, असं पाहुणे म्हणतात.

या रिवाजाचे सगळ्यात कडक पुजारी कादोवाकी. उभी हयात त्यांनी गाड्यांना दारं बसवण्याच्या विभागात काढली, आणि निवृत्तीनंतर कंपनीने त्यांना काही वर्षं फाटकावर बसवलं. हाताखाली ओझाकी नावाचा एक मऊ स्वभावाचा पहारेकरी होता. ओळखीचं माणूस दिसलं की हा विरघळायचा. त्याला कादोवाकींनी एकच मंत्र दिला: गाडीचं नाक बघायचं, चालवणाऱ्याचा चेहरा नाही. स्वतःही तो पाळला. एकदा सख्खा धाकटा भाऊ भर पावसात आला, तोही दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून, तर त्यालाही नदीपलीकडे धाडला. त्या भावाचं नववर्षाचं शुभेच्छापत्र तेव्हापासून एका ओळीत आटपतं.

कंपनीचा इतिहास कादोवाकींना विचारू नये. विचारला तर चहा गार होतो. पहिला कुराहाशी भाताच्या पेंढ्याचे दोर वळायची यंत्रं बनवायचा, इथून सुरुवात. युद्धानंतर उरल्यासुरल्या लोखंडातून त्याने तीन चाकांची मालवाहू गाडी जुळवली. निम्म्या पश्चिम जपानची मासळी आणि संत्री तिच्यावरून गेली. वळणावर तिचं मागचं एक चाक कुत्र्याच्या पायासारखं वर उचललं जायचं, हे सांगताना कादोवाकी स्वतःचा पाय उचलून दाखवतात. मग कंपनीला मोठेपणाची हौस आली. एक नवं इंजिन काढलं, रेशमासारखं चालणारं. फक्त ते पेट्रोल असं प्यायचं, जसा माझा मेहुणा नववर्षाला साके पितो. त्यातच जगभर तेल महागलं, आणि न विकलेल्या गाड्यांच्या रांगा बंदरापर्यंत गेल्या.

तेव्हा कंपनीने कारखान्यातल्या माणसांना कोट चढवले आणि शहरोशहरी गाड्या विकायला पाठवलं. ज्यांना यंत्राशी बोलता येत होतं त्यांना आता माणसांशी बोलायला लावलं. तरुण कादोवाकींच्या वाट्याला ओसाकाजवळचं साकाई आलं. ते दारोदार जायचे, किंमत सांगायला विसरायचे आणि गाडीचं दार उघडून लावून दाखवायचे. दार लागल्यावर जो दमदार, भरीव आवाज येई, तो त्यांचा अभिमान. एका कोंबू शेवाळाच्या व्यापाऱ्याने तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "दार झकास आहे. त्याच्यासोबत गाडीही मिळते का?" गाडी त्याने घेतली. दयेने घेतली असं त्याची मुलगी फुमिए आजही सांगते. त्या वेळी चहा तिनेच दिला होता, आणि पुढच्या वर्षी ती इसोमात्सुला आली ती कादोवाकींची बायको होऊन. कादोवाकींनी उभ्या आयुष्यात विकलेली ती एकच गाडी.

कंपनी त्या खड्ड्यातून वर आली, पण बाहेरचे लोक एक टोमणा विसरले नाहीत: कुराहाशीचं इंजिन नातू चालवील, पण तळातून मुलाचेच पाय रस्त्याला लागतील. गंज. समुद्राकाठचं गाव, समुद्राकाठची कंपनी, आणि गाडीचा तळ मात्र खाऱ्या हवेला घाबरणारा. हा टोमणा कोणी मारला की कादोवाकींच्या कपाळाची शीर उभी राहायची.

त्या मार्चमध्ये तो टोमणा त्यांच्याच गाडीला लागला. त्यांची हिबारी, छोटी, बुटकी, पंचवीसेक वर्षांची, दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीला गेली आणि परत आली नाही. तपासनिसाने खालून टिचकी मारली तर टिचकीसरशी तळाचा तुकडा हातात आला. दार मात्र अजून तसंच लागत होतं. कादोवाकींनी ते त्याला दोनदा लावून दाखवलं. तो म्हणाला, आजोबा, दार चालत नाही रस्त्यावर, चाकं चालतात.

तळ बदलायला हवा होता, तर तो तुकडा कंपनी आता बनवतच नव्हती. कादोवाकींनी कंपनीला फोन लावला. एका गोड मुलीच्या आवाजाने त्यांना एक दाबा, तीन दाबा असं बराच वेळ दाबायला लावलं आणि शेवटी कुराहाशी परिवारात सामील झाल्याबद्दल आभार मानले. "सामील?" ते फोनवर म्हणाले. फोन बंद झाला होता.

मग कंपनीच्या गाड्यांच्या दुकानातला हिरासे आला. गुळगुळीत, नम्र पोरगा. आपल्या दुकानातून निघालेली गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात वाकून उभा राहतो. त्याच्याकडे गाड्या खूप होत्या आणि सगळ्या उंच. हल्ली कंपनी उंच गाड्याच काढते. परदेशात त्यांनाच मान आहे, म्हणे.

आणि खरी अडचण फुमिएच्या गुडघ्यांची होती.

फुमिएचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच संपावर गेले होते. बुटक्या हिबारीत ती आधी बसायची, मग पाय उचलून आत घ्यायची, असं चाललं होतं. दर गुरुवारी बंदरावरच्या सभागृहात तिचा गाण्याचा वर्ग. जुनी कोळीगीतं, दहा-बारा बायका, मध्ये लोणचं आणि चहा, आणि गाण्यापेक्षा गप्पाच जास्त. ओसाकाकडची ही बाई इतकी वर्षं या घुम्या गावात राहिली ती त्या गुरुवारांच्या जोरावर. बंदराची बस बंद होऊन जमाना झाला होता.

दुकानात हिरासेने तिच्यासाठी सगळ्यात 'बुटकी' उंच गाडी काढली. फुमिएने दाराला धरलं, पाय उचलला, तो अर्ध्यावर थांबला. हिरासेने पायाखाली छोटं लाकडी स्टूल आणलं. त्यावर चढून ती आत शिरली खरी, पण आता उतरायचं कसं? एका बाजूने कादोवाकी, दुसऱ्या बाजूने हिरासे, आणि कपाट जिन्यावरून उतरवावं तशी फुमिए खाली आली. दुकानातली इतर गिऱ्हाइकं जपानी सभ्यतेने छताकडे बघत होती. फुमिएने केस नीट केले आणि म्हणाली, "गाडी छान आहे. फक्त सोबत एक अग्निशामक दल द्या."



मग सुरू झाले ते रिकाम्या अंगणाचे दिवस. एप्रिल गेला, मे गेला, फुमिए घरात. पर्याय होता, गावाबाहेर हवे तेवढे होते. इतर कंपन्या बुटक्या तळाच्या, सरकत्या दाराच्या छोट्या गाड्या ढिगाने विकत होत्या. पण तसली गाडी या अंगणात? कादोवाकी तो विषय निघाला की उठून झाडू शोधायचे. टॅक्सीने जा म्हणायचे. फुमिए एकदा गेली. टॅक्सीवाल्याने वाटेत सगळी विचारपूस केली आणि ती घरी पोचायच्या आत 'कादोवाकींकडे गाडी नाही' ही बातमी बंदरावर पोचली. त्यानंतर टॅक्सीचं नाव नाही.

मला वाटलं होतं फुमिए भांडेल. ती भांडत नव्हती. स्वयंपाकघरात बसून मटार सोलत ती हळू आवाजात कोळीगीतं म्हणायची, सगळ्या बायकांचे आवाज एकटीच काढून. भिंतीपलीकडे ऐकणाऱ्याला हसू यायचं आणि मग यायचं नाही.

जूनमध्ये एका गुरुवारी ती तयार होऊन, काठी घेऊन बाहेर पडली. पाय मोकळे करून येते म्हणाली. कादोवाकींना संशय आला, कारण पाय मोकळे करायला कोणी लिपस्टिक लावत नाही. ते अंतर ठेवून मागे गेले. कोपऱ्यावर, देवळाच्या कुंपणाआड, वर्गातली विधवा नागाशिमाबाई आपली छोटी पिवळी गाडी घेऊन थांबली होती. परकी गाडी. दार बाजूला सरकलं, फुमिए पाठ करून बसली, पाय आत घेतले, दार लागलं. कोणी हात दिला नाही, कोणी ओढलं नाही. कादोवाकी कुंपणामागे उभेच राहिले. आपली बायको चोरट्या मालासारखी देवळाआडून उचलली जाते, आणि तीही आपल्या चेहऱ्याला भिऊन, हे त्यांना जितकं लागलं, तितकंच हेही लागलं की ते दार लागताना भरीव असा काहीच आवाज आला नाही. नुसती कुईं आणि टक्.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. कोपऱ्यावर कशाला, घरासमोर का नाही थांबली ती? फुमिए म्हणाली, तिला तुमची भीती वाटते, मागे एकदा तुम्ही तिच्या गाडीकडे असं बघितलं होतं की तिने ती लाजून धुऊन आणली. कादोवाकी म्हणाले, माझं पोट या कंपनीने भरलं. आपलं घर या कंपनीने बांधलं. आता मी दुसऱ्याची गाडी दारात आणून उभी करू?

"अहो," फुमिए म्हणाली, "मी लग्न तुमच्याशी केलं. कंपनीचे मी फक्त कपडे धुतले. कंपनीला माझे गुडघे माहीत नाहीत, तुम्हाला आहेत. माझ्या गुडघ्यांपेक्षा ती घार मोठी असेल तर तसं सांगा, म्हणजे मी सुटले वाट बघण्यातून."

 दुसऱ्या दिवशी कादोवाकींनी अंगण तीनदा झाडलं आणि मग हिरासेला फोन केला.

हिरासे आला तो दबक्या पावलांनी. कादोवाकी-सान, म्हणाला, एक गाडी आहे. जाहिरात आम्ही फारशी करत नाही. नाव कोमाचि. तळ बुटका, दार सरकतं, नाकावर घार आपलीच. कादोवाकींनी विचारलं, आपल्या कारखान्यात कधी बनली ही? मी तर पाहिली नाही. हिरासे हसला, पण त्या हसण्यात दात कमी होते. पूर्वेकडची एक कंपनी बनवते, आम्ही तिच्याकडून घेतो आणि आपलं चिन्ह लावतो, हल्ली सगळेच असं करतात, म्हणाला. कादोवाकींनी झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याच्या घरून भात आणायचा आणि आपल्या वाडग्यात वाढायचा."

"भात चांगला आहे, कादोवाकी-सान."

"तेच तर," कादोवाकी म्हणाले.

दुकानाच्या मागच्या बाजूला कोमाचि उभी होती, फिक्या पिस्ता रंगाची. कादोवाकी तिच्याभोवती डॉक्टरसारखे फिरले. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं, ते कंपनीचं नव्हतं. घारीच्या कडेला त्यांनी नख लावून पाहिलं. घार नीट चिकटवलेली होती. मागचं दार ओढायला गेले तर हिरासे घाईने म्हणाला, बटण आहे, बटण आहे. बटण दाबलं, तीन सुरांची बारीक धून वाजली आणि दार आपसूक सरकलं. कादोवाकींचा ओढायला पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

फुमिए मात्र तोवर आत जाऊन बसलीही होती. काठी शेजारी, पर्स मांडीवर, खिडकीतून बाहेर बघत. उतर म्हटलं तर म्हणाली, कशाला? आपण निघालोच ना?

गाडी अंगणात आली. साऱ्या गल्लीने ती पडद्याआडून पाहिली आणि कोणी काही बोललं नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट. कादोवाकींना वाटायचं सगळ्यांना कळलंय. आणि कळलंच होतं. मी स्वतः इतकंच म्हणालो की रंग फार प्रसन्न आहे, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरात जाऊन चहा टाकला. फुमिए गुरुवारी मागच्या सीटवर बसून बंदरावर जायची, सरकत्या दारापाशी, मंत्रीणबाईसारखी. कादोवाकी पुढे एकटे. वर्गातल्या बायकांनी विचारलंच, फुमिए-सान, ड्रायव्हर कुठून मिळाला, जरा रागीट दिसतो. फुमिए म्हणाली, जुना आहे, पण दार चांगलं उघडतो. आता तेही गाडीच उघडते, तेव्हा नुसता ठेवलाय.

हे सगळं कादोवाकींनी गिळलं. पण नोव्हेंबरात कंपनीचा निवृत्तांचा दिवस आला. वर्षातून एकदा जुन्या कामगारांना बायकांसह कारखान्यात बोलावतात, चहा, लाल बीनची मिठाई, नवीन यंत्रं दाखवणं आणि थोडं रडणं. कादोवाकी म्हणाले, मी एकटा चालत जातो. फुमिए म्हणाली, मी येणार. गेल्या वर्षी मी आत पोचेपर्यंत मिठाई संपली होती.

फाटकाशी गाड्यांची रांग होती. अडसरापाशी ओझाकी उभा होता, केस पांढरे, हातमोजे तितकेच पांढरे. त्याने कोमाचिच्या नाकाकडे बघितलं, वाकला आणि हात आतल्या छपराकडे केला.

कादोवाकींनी काच खाली केली. "ओझाकी, ही आपली गाडी नाही. मला नदीपलीकडे जायचंय."

ओझाकीला कळेना. तो पुन्हा नाकाकडे बघायला गेला आणि परत आला. "घार आहे, कादोवाकी-सान."

"चिकटवलेली आहे."

"सगळ्यांचीच चिकटवलेली असते," ओझाकी चाचरत म्हणाला. "गाडी काही घार घेऊन जन्माला येत नाही."

कादोवाकींनी त्याला चौकटीवरची पट्टी बघायला सांगितली, कोणी बनवली ते वाच म्हणाले, आयुष्यभर या फाटकाचा मान मी राखला, आता फसवून आत शिरायचं नाही म्हणाले. ओझाकी ऐकत होता, मान डोलावत होता, घामेजत होता. मागे रांग वाढत होती. एकाही गाडीचा भोंगा वाजला नाही. सगळे जुने सहकारी आपापल्या स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते, आणि त्या शांततेत प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

शेवटी ओझाकीने पाठ सरळ केली. "पट्टी बघायचा नियम नाही. नाक बघायचं, चेहरा नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत. आज तुमचा चेहरा बघून मी तुम्हाला नदीपलीकडे सोडलं, तर उद्या कोणाचा तरी चेहरा बघून आत सोडावं लागेल."

 स्वतःच घडवलेलं कुलूप, आणि किल्ली कुठे तेच आठवत नाही, तशी कादोवाकींची गत झाली.

इतक्यात मागे तीन सुरांची धून वाजली. दार सरकलं. फुमिएने काठी बाहेर टेकवली, आधी एक पाय, मग दुसरा, आणि ती फाटकात उभी राहिली. कोणी हात दिला नाही. तिने स्कार्फ सारखा केला.

"अहो, तुम्ही नदीपलीकडे जा नाहीतर समुद्रापलीकडे जा," ती म्हणाली. "चहा गार होईल. मी निघाले."

आणि ओझाकीला हलकेच मान लववून ती छपराच्या बाजूने चालू लागली, सावकाश, काठी टेकत, पण कोणाला न धरता. गेल्या वर्षी याच वाटेवर दोन माणसं तिला धरून होती.

उघडं दार लावायला कादोवाकी सवयीने खाली उतरले. हात पोचायच्या आत दाराने स्वतःच कुईं केलं आणि टक् करून लागलं. ते तिथेच उभे राहिले, हात पुढे, दमदार आवाजाची वाट बघत असल्यासारखे. ओझाकीने अडसर वर केला आणि आकाशाकडे बघितलं.

गाडी आत गेली. दुसरा काही इलाज नव्हता.

छपराखाली सगळ्या गाड्या रिवाजाप्रमाणे उलट्या लावलेल्या होत्या, नाकं बाहेर, घारींची एक लांबलचक ओळ. अगदी टोकाला, कोपऱ्यातल्या खांबाआड, एक पिस्ता रंगाची गाडी सरळ घुसवलेली होती, नाक भिंतीला टेकवून. त्या दिवशी नवीन यंत्रांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सारा चहा त्या एका गाडीवरच संपला. फुमिएने मिठाईचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधला. कादोवाकी खिडकीपाशी सगळ्यांकडे पाठ करून बसले होते.